मुदत संपलेल्या वाघिणी

आमच्या थोरल्या दिरांइतका कामात बुडालेला माणूस अख्ख्या एव्हरशाईन सिटीत सापडायचा नाही, आणि इतक्या बिनकामाच्या कामात बुडालेला तर जगात सापडायचा नाही. वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही, सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत. रेल्वेशी संबंध तिकिटापुरता. पण आमच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, चाळीस वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, गाडी फिरते. एकेक वाघीण माझ्या मधल्या बोटाएवढी, पण खऱ्या वाघिणीवर असतो तो सगळा मजकूर तिच्या अंगावर आहे: क्रमांक, वजन, पुढच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख. ही अक्षरं ते संगणकावर जुळवतात, खास कागदावर छापतात, वरून वार्निश मारतात, आणि पाण्यात भिजवून सुटलेला पापुद्रा ब्रशच्या टोकाने वाघिणीवर सरकवतात. त्याला डिकल म्हणतात. भिजवायला माझी चटणीची वाटी लागते. तुमच्या घरात वाट्या नाहीत का, असं विचारलं तर म्हणाले, तुझी उथळ आहे.

घरच्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही. म्हणून ते पांढऱ्या कागदावर अक्षरं कोरी ठेवून भोवतीचा तपकिरी छापतात, आणि हा तपकिरी वाघिणीच्या तपकिरीशी तंतोतंत जुळायला हवा. त्यासाठी ते तीन आठवडे रोज रिक्षा करून कामणच्या स्टेशनवर गेले. तिथे थांबलेल्या मालगाड्यांसमोर रंगांच्या पट्ट्या धरून उभे राहायचे. शेवटी छटा मिळाली, चाळीसच्या चाळीस वाघिणी रंगवून झाल्या, आणि एक वाघीण हातात घेऊन ते ती खऱ्या गाडीशी ताडून बघायला गेले. तिथे भाजी विकणाऱ्या एका बाईंनी आधी वाघिणीकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘‘बाबा, तो रंग नाय, गंज हाय. पानी लागून लागून तसा झालाय.’’ भावोजींनी त्यांच्याकडून दोन जुड्या मेथी घेतली आणि घरी येऊन सगळ्या वाघिणी पुन्हा रंगवल्या. मेथी मला निवडावी लागली.

पण त्यांचा खरा हट्ट म्हणजे ती दुरुस्तीची तारीख. ती उलटली की वाघीण चालवायची नाही. बाजूच्या रुळावर काढायची, चाकं पुसायची, तेल द्यायचं, नवी तारीख चिकटवायची, मगच गाडीला जोडायची. माझ्या नातीच्या वाढदिवसाला दहा-बारा पोरं टेबलाभोवती जमली असताना भावोजींनी तीन वाघिणी उचलून बाजूला ठेवल्या. आज तरी चालू द्या, असं मी म्हटलं, तर अपघाताची जबाबदारी तू घेणार का, असं मलाच विचारलं. पोरांना ते लगेच पटलं.

गेल्या वर्षी मात्र गाडी आखूड होऊ लागली. गणपतीत तीस वाघिणी होत्या, दिवाळीत एकोणीस. बाजूच्या रुळावर जागा उरली नव्हती. विचारलं की म्हणायचे, कामं तुंबलीत. एका दुपारी वाटी आणायला वर गेले तेव्हा ब्रश त्यांच्या हातात होता आणि त्यावरची तारीख स्वतःभोवतीच गुंडाळली गेली होती. मला बघून त्यांनी हात टेबलाखाली घेतला. कंप आहे म्हणाले, डॉक्टरांनी वाढेल असं सांगितलंय. वीस वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. वाटी तिथेच ठेवून मी खाली आले.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला बसले. पहिला कागद वार्निश न मारताच बुडवला, तेव्हा अख्खी शाई वाटीत उतरली. ते रागावले, आणि मला बरं वाटलं. आठ दिवसांनी त्यांनी खरा कागद समोर ठेवला. एकवीस तारखा, सगळ्या पुढच्याच वर्षीच्या.

‘‘सहा वर्षांनंतरची घालता ना नेहमी?’’

‘‘तेव्हा मी चौऱ्याऐंशीचा असेन. बदलणार कोण?’’

‘‘मी बदलेन. नीट छापून आणा.’’

ते माझ्याकडे न बघता उठले. प्रिंटर बराच वेळ कुरकुरला. नवा कागद आला, वार्निश वाळलं, मी पहिली तारीख भिजवून ब्रशवर घेतली. घाईघाईने ती वाघिणीवर टेकवायला गेले.

‘‘सावकाश,’’ भावोजी म्हणाले. ‘‘वेळ आहे.’’