इंदिरानगरातली अर्धी पिवळी पट्टी

मनमाडला उतरले आणि नाशिककडची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या गाडीत दाराजवळ उभी राहूनच आले. निफाडच्या आसपास द्राक्षबागा लागल्या. त्यांच्या सरळ ओळी पंख्याच्या पात्यांसारख्या फिरत मागे जात होत्या. परभणीत असं काही दिसत नाही.

नाशिक रोडला मनोहरराव न्यायला आले होते. त्यांची बायको सुलभा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघीही चित्रकार. मी शिकवण्याकडे वळले, ती मात्र भौमितिक अमूर्त चित्रंच काढत राहिली. चौकोन, त्रिकोण, सपाट रंग, सुरीने कापल्यासारख्या कडा.

"पक्षाघातानंतर उजवा हात पूर्ण चालत नाही," मनोहरराव रिक्षात म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, सुधारेल. पण ती चित्रांच्या खोलीत पाऊलच टाकत नाही. तुम्ही बोला, मीनाताई."

इंदिरानगरच्या घरी सुलभाने मला नीट बसूही दिलं नाही. "एक चित्र अर्धं राहिलंय. तू पूर्ण कर."

खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेला कॅनव्हास मी वळवला. राखाडी चौकोनांवरून एक पिवळी पट्टी तिरकी निघाली होती आणि मध्येच थांबली होती.

"मला नाही जमणार," मी बाहेर येऊन म्हटलं.

"सरळ पट्टी मारता येत नाही तुला?"

"येते. पण ती कुठे संपते, ते तुलाच माहीत."

ती चिडली. 

दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी आम्हाला भाड्याच्या गाडीतून हरसूलच्या आठवडे बाजाराला नेलं. त्र्यंबकच्या पुढे डोंगर जवळ आले. भाताची कापणी झाली होती. खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) पिवळी पडली होती आणि त्यातलं एकही चौकोनी नव्हतं. बाजारात नागलीची (नाचणीची) भाकरी आणि ठेचा खाल्ला. सुलभाचा राग गेला नव्हता.

बांबूच्या टोपल्यांपाशी ती थांबली. सवयीने उजवा हात पुढे केला, टोपली उचलली आणि ती निसटली. अख्खी उतरंड कोसळली. टोपल्या उतारावरून गडगडत निघाल्या.

"आवं बाई, धरा, धरा!" विकणारी बाई ओरडली. ती आणि मी मागे धावलो. एक टोपली थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळली. धापा टाकत परत आलो, तर सुलभा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"लय पळवलं तुम्ही!" बाईही हसू लागली.

"चौकोन काढायची सवय आहे हो मला," सुलभा म्हणाली. "ते जागचे हलत नाहीत."

घरी आल्यावर चपलाही न काढता ती चित्रांच्या खोलीत गेली. "टेप काढ."

पट्टीची कड सरळ यावी म्हणून मी चिकट टेप लावायची आणि रंग ती भरणार, असं ठरलं.

"अजून वर. अजून. थांब, तिथे."

मला वाटत होतं, पट्टी कॅनव्हासच्या कडेपर्यंत जावी. तिने ती दोन बोटं अलीकडेच थांबवली. मग डाव्या हाताने कुंचला धरून सावकाश पिवळा रंग भरला. त्या हाताला सवय नव्हती, टेपवरही रंग गेला. वाळल्यावर टेप तिनेच ओढली. एका जागी रंग टेपखाली झिरपून कडेला बारीक दात आला होता. तो झाकायला मी राखाडी रंग घ्यायला वळले.

"राहू दे," ती म्हणाली.

"तुझ्या चित्रात?"

"हो. या वेळी असंच आहे."

नंतर तिने डाव्या हाताने सही केली. बराच वेळ लागला. मनोहरराव आणि मी मागे उभे होतो, पण कुणी मदत केली नाही.

परभणीला पोचल्याचं कळवायला फोन केला. मनोहरराव म्हणाले, "अहो, स्वयंपाकाच्या ओट्यावर सगळीकडे टेप चिकटवून ठेवलीय हिने. एका हाताने सरळ लावायचा सराव चाललाय. चहा टपरीवर जाऊन प्यावा लागला." आवाजात तक्रार नव्हती.

सुलभाच्या अशा चित्रांत माणूस कुठे आहे, असं मला पुष्कळांनी विचारलंय. चौकोनांच्या शिस्तीबद्दल, तोलाबद्दल मी बोलत असे. आता कुणी विचारलं, तर पिवळ्या कडेच्या त्या बारीक दातावर बोट ठेवीन.