साहेबासमोर अडचण सांगायची नाही

बाबा जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात फिटर होते. वर्षातून एकदा मोठा साहेब तिथं फेरी मारायचा आणि एकेका माणसापुढं थांबून विचारायचा, "कोई तकलीफ?" एकूणएक माणूस म्हणायचा, "नहीं साहब, सब ठीक है." कुणाचं बोट मशिनीत चेचलेलं असायचं, कुणाच्या क्वार्टरचं छत गळत असायचं, पण उत्तर तेच. तकलीफ सांगणारा माणूस साहेबाच्या डोळ्यावर येतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. कारखान्यातली ही रीत बाबांनी घरीही आणली होती. "साहेबासमोर अडचण सांगायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची," असं ते आम्हाला जेवताना, शाळेत जाताना, कुठंही ऐकवायचे.

मला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी सहज म्हणत नाही. शेजारच्या काकूंना सुई टोचायला नर्स यायची, तर मी तिच्यामागं त्यांच्या घरापर्यंत जायची. आई ओरडायची, "अवो, ही पोट्टी काहून तिच्या मागं मागं फिरून राहिली?" जबलपूरच्या सरकारी कॉलेजात माझा नंबर थोडक्यात हुकला. मी दोन दिवस जेवले नाही. मग विदर्भातल्या एका संस्थेच्या मेडिकल कॉलेजातून मुलाखतीचं पत्र आलं आणि बाबांची छातीच फुगली. राज्यं वाटली गेली तेव्हा आमचं गाव महाराष्ट्रात गेलं आणि बाबांची नोकरी मध्य प्रदेशात राहिली. त्यामुळं "आपल्या मुलखातून बोलावणं आलं" हे त्यांनी क्वार्टरांच्या अख्ख्या लाईनीत सांगून टाकलं. शेजारी सगळे हिंदी बोलणारे. त्यांना मुलूख कुठला आणि काय, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

छोट्या रेल्वेनं दिवसभर गोंदियापर्यंत, तिथून पुढं दुसरी गाडी. बाबांनी लग्नातला कोट घातला होता. वाटेत त्यांनी मला हजारदा बजावलं, "सरळ बसायचं. हिंदी शब्द घुसवायचे नाहीत. आणि काय विचारलं तर..."

"हो बाबा, माहीत आहे."

मुलाखतीला तीन जण होते. मधले म्हातारे डॉक्टर फार मायेनं बोलले. हृदयाचे कप्पे विचारले, खेड्यात काम करशील का विचारलं. मी धडाधड सांगितलं. तोंडातून एकदा "अच्छा" निघून गेलं, तर ते हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, फीची घरी अडचण आहे का? मोकळेपणानं सांग."

"नाही सर. काही अडचण नाही."

"वडील काय करतात?"

"कारखान्यात फिटर आहेत."

त्यांनी माझा अर्ज पुन्हा उलटून पाहिला. "नक्की अडचण नाही?"

"नक्की सर. सगळं ठीक आहे." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, चला, जिंकली मी!

माझ्याआधीची मुलगी बाहेर बाकावर डोळे पुसत बसली होती. म्हणाली, "मी तर सगळं रडगाणंच गायलं गं. बाप प्रायमरीत मास्तर, पाठीवर तीन बहिणी, सगळं." मला तिची कीव आली. साहेबासमोर रडली बिचारी, आता कसली निवड होते! असं मनात आणलं मी. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती. आई देवापुढं साखर ठेवायला धावली. बाबांनी पत्राचा दुसरा कागद उलटला आणि जागीच खाली बसले. गरजू विद्यार्थ्यांना अर्धी फी माफ, असं त्यावर छापलेलं होतं आणि माझ्या नावापुढं हातानं लिहिलं होतं: गरज नाही, असे विद्यार्थिनीने स्वतः सांगितले.

"मंग लिहा ना एक पत्र," आई म्हणाली. "सांगा की अडचण आहे. काय जातं आपलं?"

"आता लिहू? म्हणजे पोरगी साहेबासमोर खोटं बोलली असं नाही का होत?"

आई म्हणाली, "होऊ द्या! डॉक्टर तर होईल!" पण बाबा हटले नाहीत. मीही आईच्या बाजूनं बोलले नाही. मलाही तेव्हा ते पटलं होतं. आम्ही दोघं एका माळेचे मणी.

आमच्याजवळ विकण्यासारखी एकच वस्तू होती, जबलपुरातल्याच अधारताल भागातला प्लॉट. रिटायर झालं की क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून बाबांनी सोसायटीत घेतलेला. दर रविवारी आम्ही तिथं जायचो. आईनं विटा मांडून स्वयंपाकघर कुठं, देवघर कुठं, हे आखून ठेवलं होतं. शेगडीच्या जागी उभी राहून ती म्हणायची, "इथं खिडकी पाहिजे बरं का." बाबांनी कुणाला न विचारता गिऱ्हाईक आणलं. त्या रविवारी तो माणूस प्लॉटवर पावलं मोजत फिरत होता आणि मोजता मोजता त्यानं देवघराची वीट पायानं बाजूला सारली.  आईनं वाकून ती वीट परत जागेवर ठेवली आणि पदराला हात पुसले.

परतताना रस्त्यातच मी बाबांना म्हटलं, "मला नाही जायचं."

"काय?"

"मला रक्ताची भीती वाटते. चक्कर येते. मुलाखतीच्या दिवशीच वाटून गेलं, हे आपल्याच्यानं होणार नाही."

बाबा भडकले. भर रस्त्यात ओरडले, "आधी नाही सांगता आलं? एवढं जिवाचं रान केलं!" मी खाली मान घालून ऐकून घेतलं. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले.

प्लॉट राहिला. त्यावर घर झालं, खिडकीसकट. मी शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले. दरवर्षी मुलांना बेडूक फाडून दाखवायची. माझा हात कधी हलला नाही. एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅम, आप तो डॉक्टर बन जातीं." मी म्हटलं, "चलो चलो, हृदय दिखा कहाँ है." त्या दिवशी पुढचा तास मी घेतलाच नाही.

आणि बाबा? आल्यागेल्याला हसत सांगायचे, "आमची पोट्टी रक्ताला भ्यायली हो, नाही तर डॉक्टरच होती!" पाहुणे हसायचे. मीही हसायची.

ते गेले त्या वर्षीची गोष्ट. दुपारचा चहा घेत होतो. आई आधीच गेलेली. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "खरंच भीती वाटायची का गं तुला?"

मनात आलं, आता सांगावं. आता काय अडतं? ते कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"हो बाबा. खूप."

"मंग ठीक झालं," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यापायी राहिलं तुझं." त्यांनी बशीत चहा ओतला आणि किती दिवसांनी अख्खा कप संपवला. मी उठून आत गेले.