तुमी जेवा, मी हाय

आमच्या मावशीला पाहुण्यांबरोबर बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिच्या केळव्याच्या वाडीतल्या खोल्यांत उतरायची. ती माणसं पानावर बसली की मावशी खांबाला टेकून उभी. कुणी म्हटलंच, "काकू, तुम्हीपण बसा ना," की ठरलेलं उत्तर, "तुमी जेवा, मी हाय." मग सगळे उठल्यावर चुलीपाशी गार भात दोन मिनिटांत उरकायची. मला भारी राग यायचा, पण तिच्यापुढे बोलून काय उपयोग!

फाटकातून आलेल्याच्या हातात आधी शहाळं, मग नावगाव. पाणी पिऊन कुणी शहाळं टाकू लागला की सरळ सुनवायची, "माडानं सहा-सात महिने घातले त्यात, तुमी दोन मिनिटं घाला. मलई खा." शहरातली बडी माणसं मुकाट्याने खायची.

पुढे तिचे गुडघे गेले. मुलगा सुधीर ठाण्याला. वाडी विकून टाक, माझ्याकडे चल, असा त्याचा धोशा. गिऱ्हाईकही तयार होतं. एरवी कुणाचं न ऐकणारी मावशी थकून म्हणाली, "कागद कर. मी सही करते." ते ऐकून मला घरी येऊन रडू फुटलं. आईला आता आराम म्हणून सुधीरने तिला क्रूझचं तिकीट काढून दिलं, सोबतीला मला धाडलं. मी बोईसरच्या ऑफिसातून रजा टाकली.

पहिल्याच संध्याकाळी मी ताट घेऊन बसले आणि वळून बघते तर काय, ही बया माझ्या खुर्चीमागे उभी! वर शेजारच्या टेबलाला आग्रह चाललेला, "और लो ना, शरमाव मत." वाढपी बिचारा बघतच राहिला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीपमधल्या एका बेटावर आम्हाला होड्यांनी उतरवलं. नजर जाईल तिथे माड, नीरफणस, केळी, सगळं हिरवंगार. लोक निळ्या पाण्याचे फोटो काढत होते. मावशी माडांचे बुंधे तपासत होती. "अगो, नारळाखाली एवढी जागा मोकळी! आमी सुपारी लावली असती, वर पानवेल चढवली असती." मग चपलेने माती उकरली. "रेताड हाय, म्हनून. नायतर सोडली नसती त्यांनी."

जेवण एका घराच्या अंगणात होतं. घरची बाई मावशीच्याच वयाची, डोक्यावर ओढणी, एक पाय ओढत चालणारी. मावशी सवयीने भाताचं भांडं उचलायला गेली. बाईने ते काढून घेतलं, खांदे धरून तिला खुर्चीत बसवलं, भात-मासा वाढला आणि समोर उभी राहिली. मावशी अर्धी उठली. बाईने पुन्हा दाबून बसवलं आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग मात्र मावशी जेवली. सावकाश, काटे निवडत, पान स्वच्छ करून. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलंसुद्धा नाही.

परतीच्या होडीत मी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"दुसरं काय म्हननार? तू जेव, मी हाय." मग आपला गुडघा चोळत म्हणाली, "आई गेल्यापासून मला असं कुनी वाढलं नव्हतं गो. आनि तिचा गुडघा बघितलास? माझ्याहून बाद."

आम्ही घरी पोचलो, दुसऱ्याच दिवशी सुधीर कागद घेऊन हजर. मावशीने त्याच्या हातात आधी शहाळं दिलं.

"सही नाय करत रे. वाडी दिली तर मी उभी कुठं राहू?"

सुधीर चिडला, दोन महिने फिरकला नाही. मग आला आणि खोल्यांची छपरं स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतली. मावशीतही एक बदल झाला. रविवारी पाहुणे गेले की मला बोलवायची आणि पानावर बसायची. "आज तू उभी रहा." गरम भात मी वाढायचा, तिने जेवायचा. पुढची चार वर्षं हा नेम मोडला नाही.

मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. नोकरी सोडून वाडी मीच बघते. सुधीरनेच गळ घातली. परवा मुंबईहून आलेल्या एक आजी पानावर बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "अहो, तुम्हीपण बसा आमच्याबरोबर."

शुद्ध बोलण्यासाठी शाळेत बक्षिसं घेतलेली मी. खांबाला टेकले आणि म्हणाले, "तुमी जेवा, मी हाय."