मूठ वळत नाही, म्हणालो
नागभीडजवळच्या आरा गिरणीत माझ्या उजव्या हाताचा अंगठा गेला. जखम भरल्यावर नुकसानभरपाईसाठी मला चंद्रपूरला एका डॉक्टरकडे तपासणीला पाठवलं. सोबत आलेल्या चुलतभावाने बसमध्येच बजावलं, "डॉक्टरनं मूठ वळ म्हटलं, तं वळू नोको. जितका हात बेकार, तितके पैसे."

दवाखान्यात बाकावर शेजारी एक बाई होती. बांधकामावर डोक्यावर पाटी घेऊन चढताना शिडीवरून पडलेली. तेव्हापासून तिला वाकता येत नव्हतं. माझ्या शर्टाचं बटण सुटलं होतं, ते माझ्याने लागत नव्हतं. तिने न विचारता लावून दिलं. "होते सवय हळूहळू, भाऊ," म्हणाली.

आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. मी चारही बोटं ताठ ठेवली. "नाई वळत, साहेब."

तेवढ्यात काखेतली पिशवी घसरली आणि मी ती त्याच हाताने गच्च धरली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, अंगठा गेला की किती टक्के धरायचे, ते कायद्याच्या तक्त्यातच छापलंय. मग पगार आणि वय बघून रक्कम निघते. तुमच्या मुठीचा त्यात काही संबंध नव्हता."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मग तिची पाळी. कंबरेचं दुखणं त्या तक्त्यात नव्हतं. कमाई करायची ताकद किती गेली, ते डॉक्टरांनाच तपासून ठरवायचं होतं. ती वाकायला गेली नि अर्ध्यावरच थांबली.

"आज सगळ्यांनाच नाटक सुचलंय का?"

"खरंच नाई होत, साहेब."

त्यांनी काहीतरी लिहिलं. फार वेळ नाही लागला. 'खोटं मी बोललो, त्या बाईचा काय दोष?' एवढंच म्हणायचं होतं मला. माझाच कागद अडेल या भीतीने मी गप्प राहिलो.

माझी रक्कम तक्त्याप्रमाणे मिळाली. काही महिन्यांनी ती बाई भरपाईच्या कचेरीत भेटली. टक्के फारच कमी लिहिले होते, म्हणून दुसऱ्या तपासणीसाठी अर्ज घेऊन आली होती.

"त्या डॉक्टरले पटलंच नाई," म्हणाली. "तुमचं झालं का, भाऊ?"

"झालं."

"बरं झालं बाप्पा," म्हणाली, आणि भिंतीला धरून सावकाश खाली बसली. माझ्यामुळे झालं, एवढंही मी तिला तेव्हा म्हणालो नाही.