बक्षीस कुणाचं?

सिदूचा आवाज माळावरचा. सांगोल्याकडं मेंढरं राखण्यात त्याची उमर गेलेली. रोगानं कळप मेला, तसा तो सोलापुरात आला आणि शुक्रवार पेठेतल्या रेवणप्पाच्या खानावळीत वाढपी म्हणून लागला. त्यानं "भाकरीऽ आण!" अशी हाळी दिली की रस्त्यावरचं टांग्याचं घोडं कान टवकारायचं.

गिऱ्हाइकांना हा गडी आवडायचा. कुणाला आमटी जास्त लागते, कुणाला वर कच्चा कांदा, हे त्याला सांगावं लागत नसे. लोक खूश होऊन ताटाशेजारी पैसा-दोन पैसे ठेवून जात.

एके दिवशी रेवणप्पानं आपल्या कानडी ढंगात फर्मान काढलं, "येनपा सिदू, आजपासून बक्षीस गल्ल्यात टाकायचं. खानावळ माझी, ताट माझं."

"पर मालक, लोकं मला देत्यात की."

"आणि पगार कोण देतंय?"

सिदूनं वाद सोडला. पण गप्प राहणं काही त्याला जमण्यातलं नव्हतं. दुपारी एका वकीलसाहेबांनी चक्क दोन आण्यांची चवली ठेवली. सिदूनं ती उंच धरली आणि ठणाणा ओरडला, "बक्षीस आलं होऽ, मालकाला!"

सगळी खानावळ हसली. वकील म्हणाले, "अहो रेवणप्पा, तुम्ही तर गादीवरनं हललाही नाहीत!"

रेवणप्पाला ते झोंबलं. धोतर खोचून तो उठला. "वाढण्यात काय मोठं? आज मीच वाढतो!"

पहिलीच आमटी एकाच्या सदऱ्यावर गेली. पण हळूहळू हात बसला, तोंडातून "आणखी घ्या की" असंही यायला लागलं. जाताना एक म्हातारा विणकर त्याच्या हातावर पैसा ठेवून म्हणाला, "झकास वाढलंस, बाबा." रोज गल्ला भरणारा तो माणूस त्या एका पैशाकडं बघतच राहिला.

"सिदू, ह्याची गोडी न्यारीच की रे!"

तेवढ्यात चुलीपासून सारजाबाई बाहेर आली. भाकरी तिच्याच हातची. कोपरापर्यंत पीठ, तोंड लालबुंद.

"यानं घ्यावं, मालकानं घ्यावं. हितं आगीपुढं मी भाजून निगते, मला कोन इचारतंय? भाकरी न्हाय केली तर वाडशिला काय, वारा?"

सिदू वरमला. इतके दिवस भाकरी तिच्या हातून घेतली, पण हे कधी त्याच्या मनातच आलं नव्हतं. "मावशे, चुकलं. आजपासनं निम्मं तुजं."

"आणि माझं?" रेवणप्पानं विचारलं.

"ज्या दिशी वाडशिला, त्या दिशी तुमचं बी."

रेवणप्पा मोकळेपणानं हसला आणि तेच ठरलं. दर सोमवारी तो हौसेनं वाढू लागला. सारजाबाई मात्र आता पडद्याआडून गिऱ्हाइकं हेरायची. सढळ हाताच्या माणसाला तव्यावरची टम्म फुगलेली, चिकटाला बुट्टीतली गार.

"मावशे, समद्यास्नी सारकी दे की," सिदू म्हणायचा.

"मग समद्यांनी सारकं द्यावं की!" म्हणत ती पुढचा गोळा परातीत आपटायची.