ड्रायव्हरला दोनच रकाने

डिचोलीजवळच्या एका कारखान्यात कामगारांची यादी मी सांभाळते. फायलीत रकाने पुष्कळ: क्रमांक, नाव, फोन, पत्ता, बसचा थांबा, पुढे रक्तगट, बँक वगैरे. पेडण्याहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला नाव आणि थांबा एवढंच लागतं. मागे कुणीतरी अख्खी यादी छापून बसच्या काचेला चिकटवली आणि आमच्या मुलींना भलतेसलते फोन सुरू झाले. तेव्हापासून मी कॉम्प्युटरला एका ओळीची आज्ञा देते: दुसरा आणि पाचवा रकाना काढ. बाकीचं बसमध्ये जातच नाही.

एका संध्याकाळी ड्रायव्हर छापलेली यादी घेऊन परत आला.

"बाय, हो खालचो वाडो खंयचो? म्हज्या वाटेर दर एका गांवांत खालचो वाडो आसा."

एका नव्या मुलीच्या नावापुढे थांबा म्हणून 'खालचा वाडा', म्हणजे खालची वस्ती, एवढंच छापलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा कामावर येणार होती, आणि पहिल्याच दिवशी न आलेल्याला आमचे साहेब पुन्हा बोलावत नाहीत.

"नंबर दी तिचो. हांव विचारतां."

"नंबर मेळचो ना."

"अगो, म्हज्या धुवेच्या वयाची ती!"

"म्हणूनच. तुमच्या धुवेचो नंबर तुमी बशीत लायतले?"

स्वतःच्या लेकीचा नंबर बसमध्ये लावायच्या कल्पनेने तो वरमला, पण हलला नाही. मी मूळ फाईल उघडली.

एरवी पत्ते मीच टाइप करते, फक्त गावाचं नाव. या मुलीने मात्र मोबाईलवर स्वतः माहिती भरली होती: 'देवळामागे, खालचा वाडा, पार्से'. आमच्याकडे पत्ता असाच सांगतात. आधी देऊळ, मग वाडा, गाव शेवटी. फायलीत असा पत्ता अवतरणचिन्हांत बसतो, पण माझी आज्ञा ती न बघता स्वल्पविराम दिसला की रकाना संपला असं समजते. एका पत्त्याचे तीन रकाने झाले, पाचव्या जागी वाडा आला आणि थांबा सातव्या जागी ढकलला गेला. 'पार्से तिठा' तिने व्यवस्थित लिहिलं होतं.

मी पेनाने दुरुस्ती करून कागद त्याच्या हातात दिला. तो गेला, आणि मी त्या ओळीकडे बघत बसले. तिने नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे स्वल्पविराम दिले असते, तर पाचव्या जागी तिचा फोनच आला असता. नंबर मिळणार नाही असं ठणकावून सांगणारी मी, तो छापून आधीच देऊन बसले असते.

त्याच संध्याकाळी आज्ञा बदलली. नवी आज्ञा अवतरणचिन्हांतला पत्ता एकच धरते, आणि रकाने क्रमांकाने नाही, नावाने मागवते. शिवाय छापलेली यादी आता मी ओळ न ओळ वाचते.

सकाळी बस फाटकाशी लागली. डबा छातीशी धरून एक मुलगी उतरली. मागून ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"बाय, तुजो खालचो वाडो हाडला गो!"

'खालचा वाडा आणला' म्हणजे काय ते न कळून ती माझ्याकडे बघू लागली. मी तिला आत नेलं आणि हजेरीची जागा दाखवली.