घासून नवं केलेलं जुनं चाक

मोटारवाल्या मंडळींनो, आज सकाळची गोष्ट तुम्हाला सावध करायला या फळ्यावर लिहितोय.

माझ्या जुन्या गाडीच्या गिअरचं दातेरी चाक झिजलं. ठाण्यात मिळेना, म्हणून मेहुण्याला तेच नमुना म्हणून देऊन पोर्तुगिजांच्या गोव्यात धाडलं. देण्याआधी नमुना रॉकेलनं घासून आरशासारखा केला. मळकी वस्तू माझ्या हातून जात नाही.

मेहुणा आज रिकाम्या हातानं परतला.

"भाऊजी, नवं चाक मिळालं, पण हद्दीवर ते नि तुमचा नमुना बघून कस्टमवाला म्हणाला, दोन्ही नवीच की! एकावर जकात भरतोस, दुसरं चोरून नेतोस? दोन्ही जप्त."

"माझं नाव सांगितलंस?"

"पत्त्यासकट. गाडी तपासायला येतायत."

गाडी खोललेलीच आहे. तिचा एकूणएक भाग मी तसाच चकचकीत करून मांडलाय. आत्ता इथे येताना नाक्यावर अनोळखी जीप दिसली.

तुम्हीच सांगा, हे सगळं जुनं आहे हे त्यांना कसं पटवू?